कुक्का, इल्लू आणि मिनिटाला ६० शब्द

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं 'निपुण भारत' जाहीर केलं आणि तिसरीतल्या लेकरानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचले पाहिजेत असं ठरलं. अर्थासह, बरं का. हा 'अर्थासह' लक्षात ठेवा, कारण या सगळ्या प्रकरणात तेवढंच एक कुणाच्या लक्षात राहत नाही. 'निपुण' हे नावही मजेदार आहे. दिसायला अस्सल संस्कृत, पण आतून इंग्रजी आद्याक्षरांचं कडबोळं, आणि त्या इंग्रजी नावात 'समजून वाचणे' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे अर्थ दिल्लीहून निघतो, मुंबईत सही होते, पुण्यात त्याचं प्रशिक्षण होतं, नांदेडला बैठक होते आणि नरसी फाट्यावर तो मुकाट्यानं उतरून जातो. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या बिलोलीला पोचतं ते फक्त स्टॉपवॉच.

तुम्ही शहाणे वाचक आहात, म्हणून आधी तुमचीच चाचणी घेऊ. घड्याळ लावायचं तर लावा. वाचा: कुक्का, इल्लू, पालू, पामू.

अडखळलात ना? एखाद्या ठिकाणी नजर मागं गेली असेल. 'पालू' पाशी वाटलं असेल, छापणाऱ्यानं 'पाल' चं काहीतरी करून ठेवलंय. पुण्यात बसलेल्या कुठल्याही समितीनं हे चार नग 'निरर्थक शब्द' या रकान्यात डोळे झाकून टाकले असते. आता हाच कागद कुंडलवाडीच्या बाजारात आईशेजारी भाजी घेऊन बसलेल्या लेकराच्या हातात द्या. कुत्रा, घर, दूध, साप. झालं काम. लेकरू पुढचा कागद मागेल. तेलंगणाची हद्द इथून हाकेवर आहे. कितीतरी घरांत बाप मराठीत हिशेब करतो आणि आजी तेलुगूत शिव्या घालते. कुठला शब्द निरर्थक, हे इथं वाचणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरतं.

निरर्थक शब्दांची चाचणी हा काही माझ्या डोक्यातला खेळ नाही. मार्च २०२२ मध्ये देशभर तिसरीच्या मुलांची पायाभूत अध्ययन पाहणी झाली. त्यात अक्षरं वाचायला होती, शब्द होते आणि मुद्दाम रचलेले निरर्थक शब्दही होते. कल्पना अगदी सरळ आहे. ओळखीचा शब्द पोरगं पाठांतरानं मारून नेतं. ज्याचा अर्थच नाही असा शब्द दिला की अक्षरं जोडता येतात की नाही ते उघडं पडतं. हत्यार चांगलं आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. टिंगल करायची आहे ती ते हत्यार धरणाऱ्या हातांची.

या हत्याराचा खापरपणजोबा हर्मान एबिंगहाऊस. या जर्मन गृहस्थानं मागंपुढं व्यंजन आणि मधे स्वर अशी सुमारे २३०० बिनअर्थाची अक्षरजोडं तयार केली आणि ती स्वतःच पाठ करत बसला. प्रयोग करणारा तोच, ज्याच्यावर प्रयोग होतोय तोही तोच, वेळ मोजणाराही तोच. आपल्याकडे याला एकशिक्षकी शाळा म्हणतात. १८८५ साली त्याचं स्मृतीवरचं पुस्तक आलं. अर्थ मधे आला की स्मरणशक्तीचा हिशेब बिघडतो, म्हणून अर्थाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मग तुलनेला म्हणून त्यानं बायरनच्या 'डॉन जुआन' मधली कडवी पाठ केली. ती साधारण दहाव्या हिश्शाच्या मेहनतीत पाठ झाली. घ्या! अर्थाला हाकलण्यात ज्यानं वर्षं घातली, त्याच्याच वहीत अर्थाचा भाव निघाला, दसपट.

पण हे झालं पाठांतराचं. नुसत्या बघण्याचं काय? डोळा तर बिचारा यंत्र. त्याला अर्थाशी काय देणंघेणं? असं वाटतं खरं. त्याच सुमारास लाइपत्सिगला मानसशास्त्रज्ञ वुंटच्या प्रयोगशाळेत जेम्स मॅकीन कॅटेल नावाचा अमेरिकन तरुण लोकांना सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरती अक्षरं दाखवत होता. सुटी अक्षरं दाखवली तर माणसाला तीन-चार टिपता येत. सुटे शब्द दाखवले तर दोन. आणि शब्द वाक्यात गुंफलेले असले तर चार. चार शब्दांत अक्षरं किती होतात ते तुम्हीच मोजा. डोळे तेच, उजेड तोच, वेळ तेवढाच. वाढलं ते फक्त ओळखीचं भांडवल.

शंकेखोर म्हणाले, हा नजरेचा गुण कशावरून? थोडं दिसलं असेल, उरलेलं अंदाजानं ठोकलं असेल. शंका रास्त होती. तिचा बंदोबस्त १९६९ मध्ये रायशरनं आणि १९७० मध्ये व्हीलरनं केला. त्यांचे प्रयोग इंग्रजीत, पण युक्ती मराठीत सांगतो. 'काम' हा शब्द झर्रकन दाखवायचा, त्यावर लगेच रेघोट्यांचा पडदा टाकायचा, आणि विचारायचं: शेवटचं अक्षर 'म' होतं की 'न'? 'काम' हाही शब्द, 'कान' हाही शब्द, म्हणजे अंदाजाला वावच नाही. तरीही शब्दात बसलेलं अक्षर लोकांनी एकट्यादुकट्या अक्षरापेक्षा जास्त बरोबर ओळखलं. एक अक्षर बघण्यापेक्षा शब्दातलं अक्षर बघणं सोपं! आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग जमलंच तर अर्थ, अशी जी शिडी आपण भिंतीला कायमची टेकवून ठेवलीय, तिच्या पायऱ्या डोळा या क्रमानं चढतच नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. १९५२, सॉलोमन आणि पोस्टमन. त्यांनी काही निरर्थक शब्द लोकांकडून थोड्या वेळा वाचून घेतले, काही पुष्कळ वेळा. मग तेच शब्द क्षणभर दाखवले. जो पुष्कळदा नजरेखालून गेला होता तो लवकर ओळखला गेला. अर्थ शून्य, तरी ओळख पक्की. म्हणजे नुसत्या घोकंपट्टीनंही शब्द डोळ्याला सराईत होतो, त्याला अर्थ असायलाच पाहिजे असं नाही.

या निष्कर्षाची पडताळणी पाहायची असेल तर अमेरिकेला जायचं कारण नाही. जवळच्या केंद्रशाळेत जा. 'अध्ययन निष्पत्ती'. 'क्षमताधिष्ठित'. 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन'. ही अक्षरं दुरून, तिरकी, अर्धी फाटलेली, चहाच्या डागाखालून दाखवा. गुरुजी क्षणात ओळखतील. इतक्या परिपत्रकांतून ती नजरेखालून गेलीत की सॉलोमन-पोस्टमनना एवढी मोठी प्रयोगशाळा स्वप्नातही मिळाली नसती. अर्थ विचारू नका. तो प्रयोगाचा भाग नव्हता.

तर डोळ्याला शब्द ओळखायला दोन गोष्टींचा आधार मिळतो. एक सराव, म्हणजे तो शब्द किती वेळा बघितला. आणि दुसरा अर्थ, म्हणजे तो शब्द आपल्या आयुष्यात कुठं भेटला. या दोन्हींची सरमिसळ सोडवता सोडवता मानसशास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आले, कारण जो शब्द अर्थपूर्ण असतो तो बहुधा नेहमीचाही असतो. साहजिक आहे. पण आमच्या खात्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांनी सरावालाच अर्थ मानलं आणि उच्चाराला वाचन.

बिलोलीच्या मातीत हा गैरसमज उगवावा याची मला जास्त गंमत वाटते. कारण इथल्या जुन्या लिखापढीतली एक ओळ अर्थाशिवाय वाचता येत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. सरकारी कागद उर्दूत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. त्यात मुन्शी शिकस्ता वळणाचा निघाला की नुक्तेही गायब. कागदावर व्यंजनांचा सांगाडा, आणि मांस वाचणाऱ्यानं घरून आणायचं. शब्द आधीपासून माहीत असेल तरच तो वाचता येणार. आणि गावच्या दप्तरात मोडी. ती तर वरताण. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत सुटायचं. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, 'दिन' आणि 'दीन' यांत फरक नाही, विरामचिन्हाचा पत्ता नाही. शब्द कुठं संपला? वाक्याचा रोख कळला की कळेल. मोडीत आधी मजकूर उमगतो आणि मग अक्षर दिसतं. कॅटेलनं लाइपत्सिगात जे सिद्ध केलं ते आमच्याकडचा कुलकर्णी कंदिलाच्या उजेडात रोज करून दाखवत होता. फक्त त्यानं ते छापलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन कुणबी नोंदी हुडकायला सुरुवात झाली आणि मराठवाड्यात जुन्या दप्तरांचे गठ्ठे सुटले. (आरक्षणाचा वाद इथं काढत नाही, त्याला वेगळा लेख लागतो आणि वेगळी छाती.) कागद समोर, डोळे शाबूत, पदव्या भिंतीवर, आणि वाचता येईना. मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधत फिरायची पाळी आली. ६० शब्द? एका मिनिटात एक शब्द लागला असता तरी पेढे वाटले असते.

देवनागरीचं उलटं. ती सज्जन लिपी. ऱ्हस्व, दीर्घ, काना, मात्रा, सगळं कबूल करून टाकते. च, ज, झ ही तीन टवाळ अक्षरं सोडली ('जरा' म्हणजे म्हातारपण की थोडंसं, हे अर्थ कळल्याशिवाय उच्चारताही येत नाही), तर बाकी लिपी तुम्हाला काहीही माहीत असण्याची अट घालत नाही. आणि इथंच ती फसवते. बाराखडी आली की माणूस काय वाटेल ते वाचू शकतो: विम्याचे नियम, शासन निर्णय, होमिओपॅथीच्या औषधांची नावं. समजणं ऐच्छिक. इंग्रजी वाचताना पोरगं अडलं की निदान दिसतं तरी की अडलंय. देवनागरीत ते अडत नाही, धडाधडा वाचत सुटतं, साहेब 'शाब्बास' म्हणतात आणि पोराच्या डोक्यात शुकशुकाट.

हा शुकशुकाट आपल्याला नवा नाही म्हणा. वेदमंत्रांना अर्थच नसतो, असं कौत्स नावाच्या एका जुन्या पंडिताचं म्हणणं यास्कानं निरुक्तात नोंदवून ठेवलंय आणि त्याचा मुद्द्या-मुद्द्यानं समाचार घेतलाय. तिथंच अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याची गणती ओझं पेलणाऱ्या खांबात केलेली आहे. एवढं सांगूनही आपण खांबांनाच दक्षिणा देत आलो. मोठ्या माणसानं न समजता म्हटलं की परंपरा, बिलोलीच्या पोरानं न समजता वाचलं की 'अपेक्षित स्तराखाली'. वा!

मी एक तपासणी पाहिली आहे. साहेब कुठल्या हापिसातले ते सोडून द्या. साहेब हा एकच माणूस आहे, फक्त गाड्या बदलतो. शब्दपट्टी समोर धरली: 'पेरू'. पोरीनं फाडकन वाचलं.

"छान. पेरू म्हणजे काय, बाळ?"

"पेरायचं, सर. पाऊस पडला की सोयाबीन पेरू."

साहेबांनी भुवई वर केली आणि शेजारच्या पोराकडं वळले. तो तेलुगू घरचा.

"तू सांग रे."

"पेरू म्हंजे नाव, सर."

बाई घाबरत पुढं आल्या. "सर, आमच्याकडं त्याला जांब म्हन्तेत."

"पण पुस्तकात पेरू आहे ना?"

आता यावर काय बोलणार? खरंच आहे. पुस्तकात पेरू आहे, झाडावर जांब आहे, आणि या दोहोंच्या मधे दोन लेकरं अप्रगत आहेत. खरं तर त्या दोघांनी जे केलं त्याचंच नाव वाचन. अक्षरं दिसताक्षणी त्यांनी आपल्या घरातला, आपल्या वावरातला अर्थ काढून त्यावर ठेवला. पोरीचं उत्तर व्याकरणानं बिनचूक. पोराचं उत्तर तेलुगूत बिनचूक. चुकलं कोण? ज्याला तीनपैकी एकच अर्थ माहीत होता तो. पण पेन त्याच्या हातात होतं.

हा घोळ भूगोलाचाही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यांची रेघ ओढली तेव्हा नांदेड जिल्ह्यातली बिच्चकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं तेलुगू बाजूला गेली आणि उरलेला जिल्हा मुंबई राज्यात आला. नकाशावर रेघ झकास उमटली. लोकांच्या जिभेवर ती उमटवायला कुठला भूमापक मिळाला नाही. सोयरिकी दोन्हीकडं, बाजार दोन्हीकडं, देव दोन्हीकडं. मधे तर इथल्या सीमेवरच्या गावांनी तिकडच्या योजना पाहून 'आम्हाला तेलंगणात घ्या' अशी मागणीही करून पाहिली. इतक्या मिसळीच्या मुलखात 'सोपा शब्द' आणि 'अवघड शब्द' यांची यादी मात्र थेट पुण्याच्या कानानं होते. सोपा म्हणजे कुणाला? दोन अक्षरी, बिनजोडाक्षरी, बिनमात्रेचा म्हणजे सोपा, असं उत्तर मिळतं. अक्षरं मोजून शब्दाचा सोपेपणा ठरवणं म्हणजे गाठोड्याच्या आकारावरून त्यात सोनं आहे की सरकी ते सांगणं. 'शिंपला' हा शब्द कोकणातल्या पोराला पायाखालचा. बिलोलीतल्याला तो पुस्तकातला. उलट 'ढेकूळ' लिहा, 'कासरा' लिहा, 'तिफण' लिहा, आणि बघा कुणाचं स्टॉपवॉच आधी थांबतं.

इथपर्यंत वाचून एक जमात टाळ्या वाजवायला उठली असेल, त्यांनाही खाली बसवतो. हे आपले अर्थवादी. झोळी, खादीचा कुर्ता, आणि 'मुलांना अक्षरं शिकवूच नका, गोष्टी द्या, अर्थ आपोआप झिरपतो' हे ब्रीद. झिरपतो म्हणे! अर्थ काय भिंतीतलं पाणी आहे? यांचं लाडकं अस्त्र म्हणजे मोबाईलवर फिरणारा तो इंग्रजी उतारा, ज्यात प्रत्येक शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर आणि मधली अक्षरं विस्कटलेली. तरी तो वाचता येतो, म्हणून अक्षरांचं महत्त्व नाही, असं 'केंब्रिज विद्यापीठानं सिद्ध केलंय'. २००३ पासून हे पत्रक फिरतंय. केंब्रिजमध्येच वाचनावर काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी शोध घेतला तर तिथं असं संशोधन कुणी केलेलंच नव्हतं. त्याचं मूळ सापडतं ते ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या १९७६ च्या प्रबंधात, नॉटिंगहॅमला. आणि तो उतारा वाचता येतो तो कुणाला? ज्याला आधीच उत्तम वाचता येतं त्याला. शिकणाऱ्या पोराला तो देऊन बघा. शिवाय आपल्या लिपीत हा खेळ चालतच नाही. 'बिलोली' च्या पहिल्या दोन मात्रांची अदलाबदल करा, 'बोलिली' होतं, आणि माणूस थेट ज्ञानेश्वरांच्या काळात जाऊन पडतो.

अर्थाच्या मागं लागलेला डोळा अक्षरं चुकवतो, हेही तितकंच खरं आहे. इंग्लंडात २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात, २० खरे आणि २० खोटे. खोट्या शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला वाटावं की हे त्या प्राण्याचं नाव. तर चांगलं वाचणारी काही मुलं 'स्ट्रॉम' दिसला की 'स्टॉर्म' वाचतात. त्यांच्या डोळ्याला अर्थ इतका हवासा वाटतो की तो नसेल तिथं तयार करतात. परीक्षेत हे चूक, आणि चूक धरणं योग्यच, कारण अक्षरं समोर जशी आहेत तशी दिसायलाही हवीत. औषधाच्या बाटलीवर वाचताना कल्पनाशक्ती नको. पण ही चूक आणि अक्षरच न ओळखण्याची चूक एका मापानं मोजणाऱ्याला काय म्हणावं? पोरगं अक्षरात अडलं की शब्दात अडलं, हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं 'अप्रगत' हा शब्द उच्चारू नये. मिनिटाला ६० वेळा तर नाहीच.

आणि हे शोधणं अवघड आहे का? मुळीच नाही. चिठोऱ्यावर होण्यासारखं काम आहे. तीन याद्या करा. पहिली पुस्तकी शब्दांची. दुसरी घरच्या शब्दांची, पण देवनागरीत लिहिलेल्या: जांब, कवाड, करूलालो, जाऊलालो, कुक्का, इल्लू. तिसरी खरोखरच्या निरर्थक शब्दांची. पोरगं तिन्हीत अडलं तर अक्षरं कच्ची आहेत, ती शिकवा. पहिलीत अडलं आणि दुसरीत धावलं तर अक्षरं पक्की आहेत. भेट घडलेली नाही ती पुस्तकातल्या शब्दांशी. मग त्याला अक्षरं पुन्हा गिरवायला लावू नका, शब्द दाखवा, त्या वस्तू दाखवा, बोला त्याच्याशी. आणि पहिली, तिसरी दोन्ही एकाच वेगानं वाचली तर खरी धोक्याची घंटा आहे, कारण त्याच्या लेखी 'पेरू' आणि 'झमेटू' यांत काही फरकच उरलेला नाही. सध्याच्या पद्धतीत या तिसऱ्या पोराला पहिला नंबर मिळतो.

शास्त्रज्ञांचंही इथं भलं होईल. 'करूलालो' हा शब्द बिलोलीतल्या पोरानं जन्मापासून ऐकलाय, बोललाय, पण छापलेला कधी पाहिलेला नाही. अर्थ काठोकाठ, नजरेची ओळख शून्य. आणि शाळेच्या भिंतीवरचं 'अध्ययन निष्पत्ती' पहिलीपासून रोज पाहिलंय. नजरेची ओळख काठोकाठ, अर्थ शून्य. अर्थ आणि सराव यांना वेगळं काढायला लोकांनी प्रयोगशाळा उभ्या केल्या, निरर्थक शब्दांचे गठ्ठे छापले. आमच्याकडं ते दोन्ही सुटे सुटे, एकाच पोराच्या डोक्यात, फुकट उपलब्ध आहेत. कुणीतरी यावं आणि 'करूलालो' आधी दिसतो की 'निष्पत्ती', एवढं मोजून जावं. माझी पैज 'करूलालो' वर आहे. पण संशोधक कुठले यायला? इथं येतात ते तपासनीस.

तिसरी यादी करताना मात्र एक काळजी घ्यावी लागेल. समितीनं रचलेला प्रत्येक निरर्थक शब्द आधी गावातल्या कुणा आजीला वाचून दाखवायचा. मराठी, तेलुगू, दखनी तिन्ही येणारी आजी इथं गल्लोगल्ली मिळते. ती सांगेल, 'हा शब्द ठेव, हा काढ, हा तर वंगाळ हाय, लेकरापुढं कशाला म्हन्तूस?' तिच्या मंजुरीशिवाय एकही शब्द निरर्थक ठरवायचा नाही. असा प्रस्ताव रीतसर पाठवायला माझी हरकत नाही. उत्तरही मला आत्ताच दिसतंय: 'विषयांकित प्रकरणी सद्यःस्थितीत प्रचलित तरतुदींनुसार सदर प्रयोजनार्थ मानधन अनुज्ञेय नसल्याने आपला प्रस्ताव नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' ते मी आजीला एका दमात, न अडखळता वाचून दाखवीन. ती पानाची पिंक टाकून म्हणेल, "अर्थं कालेदु."

वाचा हे दोन शब्द, आणि सांगा मला याचा अर्थ. भाषांतर मी देणार नाही.